सौ. निळे

“दोरा कुठल्या रंगाचा होता?” डॉ. अभ्यंकरांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि वसंतमामांनी तिसऱ्यांदा डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

आम्ही तिघं तिच्या पिंजऱ्यासमोर उभे होतो. ती म्हणजे मादागास्करची सरडगुहिरी. आपल्याकडे बाभळीवर एक संथ, मुठी आवळून चालणारा सरडा दिसतो ना, रंग बदलणारा, डोळे दोन दिशांना फिरवणारा, त्याचीच ही दूरदेशची चुलत बहीण. वीतभर लांबी, पिकल्या पेरूच्या गरासारखा फिका रंग. तिचा एक डोळा डॉक्टरीणबाईंवर होता आणि दुसरा माझ्यावर. पोट अंड्यांनी तटतटलं होतं. पिंजऱ्याच्या दारावर मामांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती, ‘सौ. निळे’.

“निळा,” मामा म्हणाले. “निळाच होता बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’नं घात केला. डॉक्टरीणबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. मला तेव्हा मामांचा असा राग आला म्हणता! एवढं सांगितलं असतं ठासून, तर काय जीभ झडली असती? पण माणूस खोटं बोलायला शिकलेलाच नव्हता, त्याला काय करणार.

आमचं केंद्र शिरवळच्या पुढे, हायवेपासून आत होतं. पकडलेले, सोडवलेले, जखमी, अनाथ असे प्राणी तिथे यायचे. मी सरपटणाऱ्यांच्या विभागात होते. नोकरी सरड्या-सापांची आणि नाव नलिनी घोरपडे, म्हणजे लोकांना आयतंच कोलीत. नवीन आलेला प्रत्येक साहेब एकदा तरी विचारायचाच, की आडनाव बघून नेमणूक झाली काय. मी हसायची. खरं तर ते आडनाव नवऱ्याचं. नवरा कामासाठी सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, आडनाव तेवढं माझ्याकडे विसरून गेला. माहेरी आई होती तोवर बरं होतं. ती गेल्यावर भाऊ म्हणाला, येत जा. वहिनी काहीच म्हणाली नाही. काय समजायचं ते मी समजले.

त्यानंतर माझं सणवार म्हणजे वसंतमामा. वसंत खामकर, आमच्याकडचे सगळ्यांत जुने प्राणीरक्षक. सख्खे कुणी नव्हेत, पण पहिल्याच पंचमीला त्यांनी मला कोरेगावकडच्या आपल्या गावी नेलं, गजरामामींनी हाताला मेंदी लावली, आणि मी त्यांना मामा म्हणायला लागले ते कायमचं.

मामांची एक खोड होती. केंद्रातल्या प्रत्येक जोडीला ते आडनाव द्यायचे आणि मादीच्या पाटीवर ‘सौ.’ लिहायचे. श्री. मगरे, सौ. मगरे. श्री. कोल्हटकर, सौ. कोल्हटकर. शाळेच्या सहली आल्या की पोरं पाट्या वाचून लोळायची. त्यांच्या बाई हसायच्या, आमचे साहेबही हसायचे, म्हणून कुणी कधी काढा म्हटलं नाही. मामांचं म्हणणं, पिंजऱ्यात का होईना, बाईमाणसाला मानानं हाक मारावी.

तर त्या वर्षी विमानतळावर एक माणूस पकडला गेला. त्याच्या बॅगांत पायमोजे होते, आणि प्रत्येक मोज्यात एक जिवंत सरडगुहिरा शिवलेला. सगळा माल आमच्याकडे आला. टेबलावर मोज्यांचा ढीग पडलेला, त्यातले काही हलत होते आणि काही हलत नव्हते. मी मागच्या खोलीत ग्लुकोजचं पाणी करत होते. मामांनी कात्री घेतली आणि एकामागून एक मोजे फाडायला सुरुवात केली. प्रत्येक मोज्याच्या तोंडाला रंगीत दोरा होता. तो कापायचा, प्राणी बाहेर काढायचा, ओल्या फडक्यावर ठेवायचा, पुढचा घ्यायचा. दोरे खाली पडले, झाडलोट झाली, कचरा गेला. जीव वाचवायचे की दोरे जपायचे? मी असते तरी हेच केलं असतं, आणि तुम्हीही.

दोऱ्यांचा अर्थ मागाहून कळला. पकडलेल्या माणसानं पोलिसांना सांगितलं, की हे प्राणी कुठल्या गावचे ते लक्षात राहावं म्हणून रंग वेगवेगळे. निळा दोरा एका बेटाचा, तांबडा किनाऱ्यावरच्या रानाचा, हिरवा आणखी कुठला.

या जातीची गंमत अशी की नराचं गाव त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बेटावरचा नर निळाशार, किनाऱ्यावरचा तांबड्या पट्ट्यांचा. बघताक्षणी कळतं. मादी मात्र कुठलीही घ्या, तीच पेरूच्या रंगाची. तिच्याकडे बघून तिचं गाव सांगता येत नाही. तिला अंडी व्हावीत, अंड्यांतून मुलगे निघावेत, ते वयात यावेत, आणि त्यांच्या अंगावर रंग चढावा, तेव्हा कुठे अंदाज बांधायचा. मामांना हे समजलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच की. बाईला कुणी विचारतंय, तू कुठली म्हणून? विचारतात, तू कुणाची.”

आणि मग बातमी आली, की त्या निळ्या बेटावरचे लोक आपले प्राणी परत घ्यायला तयार आहेत. एकच विमान, एकच परवानगी. कोण जाणार हे ठरवायला डॉ. मंजिरी अभ्यंकर आल्या. मृदू बोलणाऱ्या, पांढरी बट, गळ्यात भिंग. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. आजही नाही.

त्यांनी दोन दिवस नर तपासले. एकेकाला उन्हात धरायचं, रंग पूर्ण फुलू द्यायचा, मग भिंगातून ओठाची कड, बरगडीवरचे पट्टे, डोळ्यांभोवतीच्या रेषा बघायच्या. आम्हाला वाटले होते त्यापेक्षा निळे कमी निघाले. एक देखणा नर होता, आमचा सगळ्यांचा लाडका. उन्हात फुगला आणि निळ्यातून तांबडे शिंतोडे वर आले. बाई म्हणाल्या, हा संकर आहे. कुणीतरी पिंजऱ्यात दोन गावांची जोडी लावली आणि हा निपजला. मामा म्हणाले, “म्हणजे मिसळ.” बाईंना हसू आलं. त्या दिवसापासून आमच्याकडे संकराला मिसळच म्हणायला लागले. मिसळीला परतीचं तिकीट नव्हतं.

मी बाईंना विचारलं होतं, की सोडला त्याला तर असं काय आभाळ कोसळेल. त्यांनी शांतपणे समजावलं. “नलिनीताई, विहिरीत गढूळ तांब्या ओतला तर विहीर निवळते. पण ही विहीर लहान आहे. चुकीचा एक जीव गेला, की दोन पिढ्यांत त्या बेटाचा निळा रंग राहणार नाही. ज्याचं गाव नक्की, त्यालाच सोडायचं.” खरं होतं ते.

तरीही मला वाटत होतं, की ती एक तरी जावी. अंडी पोटात घेऊन आलेली, मोज्यात दिवस काढलेली. इथे तिचं काय होणार तेही मला ठाऊक होतं. परदेशी प्राण्याची पैदास आमच्याकडे करायची नाही, असा हुकूम. घातलेली अंडी थंडीत ठेवून संपवायची. तिच्या डोळ्यांत बघून मी दर सकाळी म्हणायची, बाई गं, तू तरी पोच माहेरी. एवढं एकच मागणं होतं माझं त्या वर्षी. देवाकडे नव्हे, डॉ. अभ्यंकरांकडे.

म्हणून तो दोरा. मामांचं म्हणणं होतं, की तिला मोज्यातून काढलं तेव्हा दोरा निळा होता, म्हणूनच, अर्थ ठाऊक नसला तरी रंगाला रंग म्हणून, तिला निळ्या नराच्या शेजारचा पिंजरा दिला आणि पाटीवर ‘सौ. निळे’ लिहिलं.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग या पलीकडच्या सौ. तांबडे? त्यांचा दोरा तांबडा होता?”

मामांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “नाही. तिथे पिंजरा रिकामा होता, म्हणून.”

“आणि या सौ. हिरवे?”

“त्या... हिरवे एकटे होते, म्हणून.”

बाई काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त बाहेरच्या आवाराकडे बघितलं. तिथे लांडोरीच्या पिंजऱ्यावर ‘सौ. मोरे’ लिहिलं होतं. लांडोर आधी आली होती, पाटीही तेव्हाचीच, मोर वर्षभरानं आला, हे आदल्याच दिवशी मामांनी बाईंना कौतुकानं सांगितलं होतं.

“खामकर, तुम्ही शपथेवर सांगाल का, निळा होता म्हणून? सांगितलंत तर मी तुमच्या शब्दावर लिहून देते.”

मी मामांकडे बघितलं. मनात म्हटलं, म्हणा. म्हणा हो. एक शब्द.

मामा तिच्याकडे बघत राहिले. ती डहाळीवर झुलत पुढे सरकली, हात उचलला आणि ठेवू की नको असा तो हवेत धरून बसली. तशीच सवय असते त्यांची.

“त्या दिवशी ढीग होता, बाई,” मामा म्हणाले. “मेलेलेही निघत होते. मला निळा आठवतो. पण मी तिला इतके दिवस निळे म्हणतोय, की आता दोरा आठवतोय का पाटी, ते माझं मलाच सांगता येईना. शपथ नाही घेणार.”

बाईंनी मान हलवली. त्यांनी कापसाची काडी तिच्या तोंडातून फिरवून लाळेचा नमुना घेतला, आणि सांगितलं, की पडताळायचे नमुने परदेशातून यायचे आहेत, निकालाला बरेच महिने लागतील. विमान तेवढं थांबणार नव्हतं.

निळे गेले. छिद्रांच्या खोक्यांतून, गाडीत एसी लावून, साहेबांच्या सहीनं. श्री. निळेही गेले. त्यांचा पिंजरा धुऊन उन्हात ठेवला तेव्हा ती शेजारून बघत होती. आता तिला काय कळत असणार म्हणा. पण मला कळत होतं, तेवढं पुरे होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं कुंडीतल्या मातीत बीळ खणलं, उलटी होऊन बसली आणि अंडी घातली. पांढरी, मऊ, बोराएवढीही नाहीत. वरून माती लोटली, पायांनी थापली आणि दमून डहाळीवर जाऊन डोळे मिटले. आम्ही साहेबांकडे गेलो. निकाल येईपर्यंत तरी राहू द्या, असं मी म्हटलं. साहेबांनी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मादीचं गाव माहीत नाही, तिला नर कुठला भेटला तेही माहीत नाही, नियम मोडायला आधार काय दाखवायचा? एक अंडं नमुन्याला पाठवा, बाकीचं नियमानं करा. तेही बरोबरच होतं. त्या सगळ्या प्रकरणात कुणी चुकलंच नाही, हेच मला आजवर सोसत नाही.

अंडी काढायला मी कुंडीजवळ बसले. चमचा हातात घेतला आणि हात पुढे जाईना. मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“तू बाहेर जा, नलू,” ते म्हणाले. “मोज्यातून मी काढली तिला. हेही मीच करतो.”

मी दाराबाहेर उभी राहिले. बर्फाच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि लागल्याचा आला. मामा बाहेर आले, नळावर हात धुतले, आणि परत धुतले. चहाला चला म्हटलं तर नको म्हणाले.

ती फार जगली नाही. अंडी घातल्यावर त्यांच्यात तसाही फारसा जीव राहत नाही. एका सकाळी ती डहाळीखाली पडलेली दिसली, रंग राखेसारखा झालेला. मामांनी पाटी काढली नाही, मीही काढली नाही. पुढे त्या पिंजऱ्यात कासवं आली तरी कितीतरी दिवस त्यावर ‘सौ. निळे’ होतं. नव्या पाट्या लिहायचं मात्र मामांनी सोडून दिलं. सहलीची पोरं विचारायची, नवीन माकडिणीचं नाव काय, तर म्हणायचे, माकडीण.

बोलता बोलता ते निवृत्त झाले. दम्यानं घेरलं होतं. निरोपाच्या दिवशी मला म्हणाले, “दोरा निळा नसणारच गं. माझा आपला भास. बरं झालं शपथ नाही घेतली.” हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. पण त्यात त्यांना जरा टेकायला जागा सापडली होती, एवढं मला दिसत होतं.

आणि मग निकाल आला.

डॉ. अभ्यंकरांनी स्वतः फोन केला. आवाज नेहमीसारखाच मृदू, पण मधेमधे अडत होता. मादी त्या निळ्या बेटावरचीच होती. अंड्यातला जीवही निव्वळ तिथलाच, बापाकडूनही. मिसळीचा लवलेश नाही. त्या म्हणाल्या, “खामकरांना सांगा, ते बरोबर होते. त्यांना बरं वाटेल.”

मी फोन ठेवला. कसं सांगणार होते? तुम्ही बरोबर होता, मामा. म्हणजे एका शब्दानं ती घरी पोचली असती, म्हणजे बर्फात ठेवलीत ती बेटाची लेकरं होती, तुमच्याच हातांनी. चूक होता म्हटलं तर म्हातारा सुखानं मरेल. बरोबर होता म्हटलं तर जगेल तेवढे दिवस हात धूत बसेल.

रविवारी मी त्यांच्या गावी गेले. मामा ओट्यावर सूप घेऊन घेवडा निवडत बसले होते. पुढच्या पेरणीचं बी. वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की बाजूला टाकत होते. छातीतून श्वासाचा आवाज येत होता. मामींनी माझ्या हातात गूळ-पाणी दिलं, गालांवरून हात ओवाळून बोटं मोडली आणि चुलीकडे गेल्या.

“आला का?” मामांनी वर न बघता विचारलं. निकाल येणार हे त्यांच्या लक्षात होतं.

“आला. मिसळ होती, मामा.”

त्यांचा हात थांबला. “अंडी?”

“तीही मिसळच. दोरा कुठलाही असता तरी तिला नेलंच नसतं.”

“असं,” मामा म्हणाले. “बरं झालं मग.” आणि पुन्हा घेवडा निवडायला लागले. मला वाटलं, सुटले. मी उगाच भरभर बोलत सुटले, नवीन साहेब कसा आहे, कासवांनी कसा धुडगूस घातला, मगरेबाईंनी कशी माळ्याची चप्पल पळवली. मामा हुं हुं करत होते. मामींनी पिठलं-भाकरी वाढली. ऊन उतरायच्या आत निघाले तेव्हा त्यांनी माझी ओटी भरली, घेवडा बांधून दिला. सासरी निघालेल्या लेकीला देतात तसा. मला कुठलं आलंय सासर, पण मामींनी कधी चुकवलं नाही.

एसटीच्या फाट्यापर्यंत येऊ नका म्हटलं तरी मामा काठी टेकत अंगणाच्या कडेपर्यंत आले. तिथे दम लागला म्हणून थांबले. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

“नलू.”

“काय मामा?”

“खोटं बोलायला माहेरी येऊ नये गं.”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तोंड उघडलं आणि मला रडू आलं, ते काही केल्या आवरेना.

मामांनी मला रडू दिलं. ते स्वतः रडले नाहीत. आपल्या तळव्यांकडे बघत होते, आधी एक, मग दुसरा.

“निळाच होता,” ते म्हणाले. “सगळी निळी होती.”

“मामा, तुम्ही मुद्दाम काही...”

“ते राहू दे.” त्यांनी हात धोतराला पुसले. “मामीला सांगू नको. आणि एक काम कर. तिची पाटी असेल अजून पिंजऱ्यावर. त्यातलं ‘सौ.’ खोडून टाक. मी शेजारच्याचं नाव लावलं, असं सगळ्यांना वाटलं, मलासुद्धा वाटायला लागलं. ती लग्नानं निळे नव्हती गं. माहेरचीच निळे होती.”

तो पिंजरा गंजला म्हणून उन्हाळ्यातच भंगारात गेला होता, पाटीसकट. मी डोळे पुसले.

“खोडते, मामा,” मी म्हटलं, आणि एसटी दिसली म्हणून फाट्याकडे धावले.